खुलासा : एल सिदच्या प्रेताने लढाई जिंकली नव्हती

‘मेलेल्या एल सिदला घोड्यावर बांधून रणात नेलं आणि त्याला बघूनच शत्रूची दाणादाण उडाली’ अशी गोष्ट स्पेनचा इतिहास म्हणून फिरते आहे. तो इतिहास नव्हे.

रोद्रिगो दिआस दे विवार, म्हणजेच एल सिद हा अकराव्या शतकातला स्पॅनिश योद्धा, १०९९ मध्ये त्याच्या ताब्यातल्या व्हॅलेन्सिया शहरात वारला. पुढे जवळपास तीन वर्षं त्याची बायको हिमेना हिने शहर सांभाळलं. वेढा पडल्यावर कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो धावून आला खरा, पण शहर राखणं जमेना. ११०२ मध्ये व्हॅलेन्सिया पेटवून सगळे निघाले. प्रेत शहराबाहेर नेलं ते तेव्हा. बाराव्या शतकातलं लॅटिन चरित्र एवढंच सांगतं.

त्याच्यावरचं प्रसिद्ध महाकाव्यही मृत्यू दोन-तीन ओळींत उरकतं. मग घोडा आला कुठून? बुर्गोसजवळच्या कार्देन्या मठातून. प्रेत तिथेच पुरलेलं, त्यामुळे मठाची प्रतिष्ठा त्यावर अवलंबून. तेराव्या शतकात तिथल्या आख्यायिका कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या परंपरेतल्या बखरींत शिरल्या. त्यात मसाले लावलेलं प्रेत वेदीजवळ दहा वर्षं खुर्चीत बसवलेलं आहे. नाकाचा शेंडा गळून पडला तेव्हा कुठे दफन! मठवासीयांच्या कल्पनेला दाद द्यावीच लागेल.

बखरकार गायकांची काव्यंही गद्यात उतरवून घेत. पुढे पोवाड्यांसारखी ‘रोमान्से’ गीतं तोंडोतोंडी गेली आणि छापलीही गेली. घोड्यावरचं प्रेत जगभर पोचवलं ते मात्र १९६१ च्या हॉलिवूडपटाने.