खाणपट्ट्यातल्या पुरुषांचा रोजगार

गोव्यात रोजगाराचा विषय निघाला की बोलणे दोनच गोष्टींवर येते: सरकारी जागा किती निघणार आणि कोणत्या योजनेतून महिन्याला किती रुपये मिळणार. मी डिचोलीचा, आता जर्मनीत स्थायिक आहे. इथून ही चर्चा वाचताना मला खाणपट्ट्यातले चाळिशी-पन्नाशीतले पुरुष आठवतात, ज्यांचे सरकारी जागेसाठीचे वय उलटून गेले आहे आणि ज्यांना मदतीपेक्षा काम हवे आहे.

2012 साली खाणी थांबल्या, पुढे मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. ट्रकमालकांना सरकारने अर्थसाहाय्य दिले, थकलेल्या कर्जांसाठी योजना आणली, आणि ते योग्यच झाले. मात्र आमोण्याच्या जेटीपर्यंत दिवसभर खनिजाच्या खेपा करणाऱ्या ज्या ड्रायव्हरच्या नावावर ट्रकच नव्हता, त्याचा प्रश्न कर्जाचा नव्हताच. त्याला येत असलेले एकमेव काम गेले होते.

अशा माणसाला रोजगार हमीकडे बोट दाखवणे मला पटत नाही. 2005 च्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली, ही मोठी गोष्ट होती. परंतु 2024-25 मध्ये गोव्यासाठी या कामाचा दर दिवसाला 356 रुपये होता आणि बांधकामावरच्या बिगाऱ्याला त्याहून अधिक मिळत होते. त्यामुळे या कामांवर प्रामुख्याने स्त्रियाच दिसतात. त्यांना घराजवळ मिळणारा तो आधार टिकलाच पाहिजे. पण त्यातून ड्रायव्हरला नवा व्यवसाय मिळत नाही.

जर्मनीत 2005 नंतर बेरोजगारांना भत्त्यावर तासाला एक-दोन युरो देऊन सार्वजनिक कामे करवून घेतली गेली, आणि त्यातून फारच थोडे लोक खऱ्या नोकरीपर्यंत पोहोचले. 2019 पासून वेगळी तरतूद लागू आहे. वर्षानुवर्षे सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या माणसाला जो मालक रीतसर नोकरीवर घेईल, त्याला पहिली दोन वर्षे वेतनाची पूर्ण भरपाई मिळते, नंतर ती दरवर्षी दहा टक्क्यांनी घटते आणि पाच वर्षांनी थांबते. सोबत एक मार्गदर्शकही नेमलेला असतो. आमच्या वस्तीतल्या सायकल दुरुस्तीच्या कार्यशाळेत असाच लागलेला एक पन्नाशीतला गृहस्थ आहे. सुरुवातीला त्याची मार्गदर्शिका कामाच्या जागी येऊन त्याच्याबरोबर थकलेल्या बिलांची न फोडलेली पाकिटे उघडून वाचत बसत असे. माणूस कामावर टिकतो तो अशा मदतीमुळे, आणि आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांत नेमकी हीच सोय नसते.

हा मार्ग खर्चिक आहे, हे मान्य. पण खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे आणि कौशल्यविकास हा त्याच्या प्राधान्याचाच विषय आहे. त्यातून डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोड्यातल्या अशा पुरुषांचे वेतन ठरावीक वर्षे उचलता येईल. कचरा वाहतूक, बसगाड्यांची देखभाल, औद्योगिक वसाहतींतली यंत्रदुरुस्ती यांसाठी माणसे लागतातच. अनुदान मात्र मालकाला हजेरीपटावर नव्हे, तर कामगाराच्या खात्यात वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी जमा झाल्यावरच द्यावे, आणि उमेदवारांची निवड आमदारांच्या शिफारशीने होऊ नये. 2024 च्या अखेरीस सरकारी नोकरी लावतो म्हणून पैसे उकळल्याच्या तक्रारींवरून गोव्यात अटकसत्र झाले. त्यानंतर निवडीची यादी पंचायतीत उघडपणे लावण्यापेक्षा कमी काहीही लोक मान्य करणार नाहीत.