जुनी गाडी, सिंथेटिक ऑइल आणि गळती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या गाडीत सिंथेटिक ऑइल वापरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे तीन मुद्दे आहेत. सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं इंजिन ऑइल) पातळ असतं, म्हणून जुन्या इंजिनातून गळतं. पुण्यात बर्फ पडत नाही, मग हा खर्च कशाला? आणि तुमच्या 2003 च्या झेनमध्ये 5डब्ल्यू-30 सिंथेटिक भरल्यावर 900 किलोमीटरच्या आतच पार्किंगच्या फरशीवर डाग पडू लागले. या तिसऱ्या मुद्द्यात माझी चूक आहे. ‘जुन्या गाडीतही बिनधास्त वापरा’ असं मी लेखात लिहिलं, पण कोणत्या ग्रेडचं ते ठळकपणे लिहिलं नाही. ते वाक्य आता बदललं आहे.

ऑइलच्या ग्रेडमध्ये ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो; इंजिन गरम झाल्यावर ऑइल किती दाट राहणार ते ‘डब्ल्यू’नंतरच्या आकड्यावरून ठरतं. 100 अंश सेल्सिअसला 30 ग्रेडचं ऑइल 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकमध्ये (हे दाटपणाचं माप) बसावं लागतं, 40 ग्रेडचं 12.5 ते 16.3 मध्ये. मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेलं नेहमीचं ऑइल) असो वा सिंथेटिक, मोजपट्टी तीच. म्हणजे 20डब्ल्यू-40 मिनरल काढून 10डब्ल्यू-40 सिंथेटिक भरलं, तर चालत्या इंजिनात दाटपणा जवळपास तेवढाच राहतो. तुम्ही 30 वर उतरलात, म्हणजे एक पायरी खाली. मात्र उभ्या गाडीबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. रात्री 20-25 अंशांना 5डब्ल्यू ऑइल 20डब्ल्यूपेक्षा खरोखरच पातळ असतं आणि कडक झालेल्या सीलच्या (सांध्यातून ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) फटीतून लवकर उतरतं.

पण ती फट ऑइलने पाडलेली नाही. वीस वर्षं उष्णता खाऊन रबर कडक होतं, त्याची पकड जाते आणि फटीत गाळ साचून ती बुजते. नवीन ऑइलमधली डिटर्जंट (मळ धुणारी रसायनं) तो गाळ हळूहळू धुऊन काढतात. (चांगल्या मिनरल ऑइलमध्येही डिटर्जंट असतातच.) सील आक्रसण्याची जी भीती गॅरेजमध्ये अजून ऐकू येते, ती 1970 च्या दशकातल्या पहिल्या सिंथेटिक ऑइलांपासूनची आहे. निव्वळ पीएओ या सिंथेटिक मूळ तेलावर बेतलेलं ऑइल रबर आक्रसवायचं. पुढे त्यात एस्टर (रबर फुगवणारं दुसरं मूळ तेल) मिसळू लागले आणि तो दोष गेला.

आता तुमच्या गाडीचं. आधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. सील बदलायची घाई नको. इंजिन थंड असताना बाहेरून डिझेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करा, संशय असेल तिथे टाल्कम पावडर मारा आणि 20 किलोमीटर फिरवून आणा. ऑइल खाली वाहतं आणि वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून ओला झालेला सर्वांत वरचा आणि पुढचा भाग पाहा. बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग निघतं, आणि ते काम स्वस्त आहे.

त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारी झडप) काढून हलवून बघा. आत खडखडला पाहिजे. तो चोंदला असेल तर क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) दाब साचतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर फेकलं जातं. अशा वेळी कितीही सील बदलले तरी महिन्याभरात पुन्हा डाग. याच कारणाने सिंथेटिकला नाहक दोष मिळतो, आणि ते मला खरंच खटकतं.

त्याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. तुमच्या 993 सीसी इंजिनाला दर चौरस सेंटिमीटरला चौदाच्या आसपास किलो दाब हवा. बाराच्या खाली गेला, किंवा दोन सिलिंडरमध्ये एकापेक्षा जास्त किलोचा फरक आला, तर प्रश्न पिस्टनच्या रिंगांचा किंवा व्हॉल्व्हचा आहे. सिग्नलला थांबून निघताना किंवा सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील. कात्रजचा घाट चढताना सतत आला तर रिंगा. रिंगा गेलेल्या इंजिनात सिंथेटिक भरू नका. महागडं ऑइल जळून जाईल, एवढंच.

बर्फाचा मुद्दा मला पटत नाही. पुण्यात सिंथेटिकचा फायदा थंडीपेक्षा उष्णतेत आहे. एप्रिल-मे महिन्यात सिंहगड रोडच्या रांगेत एसी लावून उभं राहिल्यावर, किंवा खंबाटकी घाट भरल्या गाडीने चढताना, मिनरल ऑइल लवकर उडतं आणि ऑक्सिडेशनने दाट होत जातं. सिंथेटिक तिथे टिकतं. पण वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीसाठी खर्चाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे: चांगलं 15डब्ल्यू-40 मिनरल, दर वर्षी बदलून, पुरेसं. कोथरूड ते मंडई एवढ्याच फेऱ्या असतील तर ऑइल पुरतं तापतच नाही, आतलं पाणी उडत नाही आणि फिलर कॅपखाली लोण्यासारखा पांढरट थर जमतो. तिथे किलोमीटर न मोजता महिने मोजा.

जुन्या प्रीमियर पद्मिनीवाल्यांसाठी वेगळी सूचना: डब्यावर एपीआय एसएन ते एसपी असा दर्जा लिहिलेल्या 30 ग्रेडच्या ऑइलात झीज रोखणारा फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. घासून चालणाऱ्या टॅपेटना ते कमी पडतं. 40 ग्रेडला ही मर्यादा नाही, तेच घ्या.

कॉम्प्रेशन ठीक निघालं तर झेनमध्ये आता 10डब्ल्यू-40 सिंथेटिक भरा. गरम इंजिनात चेंबरचा (खालच्या ऑइलच्या टाकीचा) 17 चा नट उघडून दहा मिनिटं ऑइल निथळू द्या, नवीन वायसर लावा, नट साधारण 35 न्यूटन मीटरला आवळा. लांब पान्याने जोर लावला तर चेंबरचे आटे जातात. फिल्टर बदला, त्याच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा आणि हातानेच आवळा. पावणेतीन लिटर ओतून थांबा, मिनिटभर इंजिन चालवा, पाच मिनिटांनी पट्टी बघत थोडं थोडं वाढवा. फ्लशिंग (रसायन घालून इंजिन आतून धुणं) करून घेऊ नका. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत बसला की प्रेशर पडतं. त्यापेक्षा पहिलं ऑइल आणि फिल्टर 3,000 किलोमीटरला बदला.

ओल जर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली दिसली, तर आधी वास घ्या. गिअर ऑइलला उग्र गंधकासारखा वास येतो. तसा नसेल तर मागचं क्रँक सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लच प्लेटही त्याच खेपेत पाहून घ्या.