अंगणवाडीला दुसरी ताई द्या

मी वाळवा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बरीच वर्षं पहिलीचाच वर्ग घेते, आणि तो मागून घेते. उन्हाळा लागला की आष्ट्यापासून सांगलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सरी-केजीच्या प्रवेशाचे फलक लागतात आणि मला मेसेज सुरू होतात. "बाई, पोराला तीन वर्षं पूर्ण झाली, कुठं घालू?" विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी, आता आईबाप झालेले. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे. लहान मुलं घरात असणाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. गावातल्या अंगणवाडीला आणखी एक सेविका द्या, जिचं काम फक्त मुलांबरोबर बसणं, खेळणं, बोलणं, शिकवणं हेच असेल. रंगरंगोटी, टीव्ही, नवीन ॲप हे सगळं त्यानंतर.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. तामिळनाडूत हा प्रयोग झालेला आहे. अलेहान्द्रो गानिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या 320 अंगणवाड्या घेतल्या. त्यातल्या काही चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती नेमली गेली, फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी. बाकीच्या होत्या तशाच ठेवल्या. दीड वर्षानंतर मोजलं तेव्हा जादा ताई असलेल्या ठिकाणी शिकवण्याचा वेळ दुप्पट झालेला होता. मुलं गणितात पुढे गेली होती, भाषेत त्याहून जास्त. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: त्या अंगणवाड्यांतल्या मुलांमध्ये खुरटेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी आढळलं. नवी बाई आली होती शिकवायला, मग कुपोषण कसं कमी झालं? कारण शिकवण्याचा भार उतरल्यावर जुन्या ताईला आहार-आरोग्याकडे बघायला वेळ मिळाला. खर्च आणि फायदा यांचा हिशेब मांडला, तर फायदा खर्चाच्या कितीतरी पट निघाला.

आता आपल्याकडची ताई बघा. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीकडे सहा कामं आहेत: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि गरज पडेल तिथे दवाखान्यात पाठवणं. त्यावर पोषण ट्रॅकर हे सरकारी मोबाईल ॲप आलं. वजन-उंची भरा, घरपोच आहाराची नोंद करा, आता लाभार्थीचा चेहरा जुळवा. बऱ्याच जणींकडे मतदार यादीचं काम असतं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायलाही याच बायका. आमच्या शाळेला लागून असलेल्या अंगणवाडीतली ताई मला म्हणाली होती, "बाई, नेट येतंय तोवर मोबाईल धरून बसायचं. तोवर पोरं मदतनिसाच्या जिवावर. तिनं भात शिजवायचा का ह्यास्नी सांभाळायचं?"

तिच्याकडे गाण्यांचा साठा आहे. भाजीवाल्याचं नाटक ती इतकं सुंदर घेते की माझी पहिलीतली मुलं खिडकीतून बघत उभी राहतात. पण ते नाटक रोज होत नाही. तिला वेळ मिळेल त्या दिवशी होतं.

लोक म्हणतात अंगणवाडीत फक्त खाऊ मिळतो, शिकवत नाहीत, म्हणून आम्ही नर्सरीत घालतो. त्यांची तक्रार खोटी नाही. पण नर्सरीत तरी काय मिळतं? माझ्या वर्गात दरवर्षी केजी करून आलेली मुलं असतात. वन टू हंड्रेड घडाघडा म्हणतात. समोर चिंचोके ठेवून "सात दे" म्हटलं की मूठभर उचलून देतात. ए टू झेड लिहून लिहून बोटं दुखलेली असतात, म्हणून पेन्सिल बघितली की अंग चोरतात. आणि त्यांना गोष्ट सांगता येत नाही. काल घरी काय झालं ते चार वाक्यांत सांग म्हटलं तर गप्प. यात मुलांचा काही दोष नाही. चार वर्षांच्या मुलाला दोन तास बाकावर बसवून वही भरून घेणं हे शिक्षण नाहीच, आणि त्यासाठी आईबाप मजुरीच्या पैशातून फी भरतात याचं मला फार वाईट वाटतं.

हे एकट्या माझ्या वर्गातलं चित्र नाही. दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ आणि असर केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे 14,000 मुलांचा काही वर्षं माग ठेवला. त्याचा अहवाल 2017 मध्ये आला. बहुसंख्य मुलं कुठल्या ना कुठल्या बालवाडीत जात होती, तरी पाचव्या वर्षी त्यांची शाळेसाठीची तयारी अपेक्षेपेक्षा खूपच कमी होती. अंगणवाडीत शिकवणं कमी आणि खाजगी नर्सरीत पहिलीचा अभ्यास खाली ओढून आणलेला, अशी दोन्हीकडून मुलांची कोंडी.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा अनुभव तर प्रत्येक पालकाने ऐकावा. तिथे सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांत जागा कमी आणि अर्ज जास्त होते, म्हणून सोडत काढली. ज्यांना जागा मिळाली आणि ज्यांना नाही, अशा दोन्ही गटांवर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या वर्षी जागा मिळालेली मुलं पुढे होती. सहावीपर्यंत चित्र उलटलं. जागा न मिळालेली मुलं परीक्षेतही पुढे आणि वागणुकीच्या तक्रारीही त्यांच्या कमी. लवकर शाळेत घातलं की पोर हुशार होतंच, हा समज इतक्या मोठ्या अभ्यासात टिकला नाही. सगळ्यांना एकत्र बसवून गप्प बस, इकडे बघ, असं चालणारा वर्ग या वयाला झेपत नाही, याकडे त्या संशोधकांनीच लक्ष वेधलंय.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावचा पेरी प्रकल्प. 1962 साली सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली 123 मुलं, त्यातल्या 58 जणांना रोज सकाळी अडीच तासांची बालवाडी, बाकीच्यांना नाही. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक. आठवड्यातून एकदा शिक्षक घरी जाऊन आईशी बोलायचे. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा झाला. बुद्ध्यांकातली वाढ पुढे विरून गेली, पण नोकरी, कमाई, कायद्याच्या कचाट्यात सापडण्याचं प्रमाण यात फरक राहिला. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन गेली कित्येक वर्षं याच आकडेवारीवरून सांगत आलेत की सरकारने पैसा लावायचा तर या वयावर लावावा. आपल्याकडच्या भाषणांत हेकमन यांचं नाव बरेचदा येतं. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक होता, हा भाग मात्र कुणी सांगत नाही.

मोठ्या माणसाचा वेळ. टेनेसी, यप्सिलांटी, तामिळनाडू, कुठलाही अभ्यास काढा, मला तरी सगळीकडे तेच दिसतं. मुलाच्या डोळ्यांत बघून बोलणारं, त्याचं उत्तर ऐकून घेणारं माणूस त्याला दिवसातून किती वेळ मिळतं?

आणि हे आपल्याला परदेशातून शिकायची गरजही नव्हती. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायका वस्तीत, पाड्यावर, मुलांच्या दारात गेल्या. शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं. पुढे 1957 पासून कोसबाडला हेच काम वाढलं. महाराष्ट्राकडे एवढी शिदोरी असताना आपण तीन वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाय बांधतोय.

आता तीन वर्षांच्या आतल्या बाळांबद्दल. इथे आपली सगळ्यांची नजर कमी पडते, कारण या वयाला "शाळा" नसते. जमैकात 1980 च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली वाढ खुंटलेली 129 बाळं घेऊन अभ्यास केला. काही घरांत दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्य कार्यकर्ती तासभर जायची, घरात बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, हे आईला दाखवायची. वीस वर्षांनी ती बाळं तरुण झाली तेव्हा त्यांची कमाई तशी भेट न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. आठवड्याला एक तास. आपल्या ताईलाही गृहभेटी द्यायच्या असतातच, त्या तिच्या कामातच आहेत. पण केंद्र सोडून तिने जायचं कसं? दुसरी ताई वर्गात असेल तरच पहिली ताई बाळाच्या घरी निवांत बसू शकेल.

वेळेचा प्रश्न आणखी एका बाजूने आहे आणि आपल्या भागात तो फार टोचतो. अंगणवाडी दुपारी बंद होते. आई मात्र भांगलणीला, हळदीच्या काढणीला, तासगाव-पलूसकडे द्राक्षाच्या विरळणीला गेलेली असते, ती दिवस मावळल्यावर येते. "आजी आहे की घरात," असं बोलायला सोपं आहे. आजीसुद्धा रोजगाराला जाते. मग बाळ कोण बघतं? तिसरी-चौथीतली थोरली बहीण. माझ्या शाळेच्या हजेरीपटात हंगामात ज्या मुलींसमोर गैरहजेरी लागते, त्यातल्या बऱ्याच जणी घरी धाकट्याला कडेवर घेऊन असतात. पाळणाघर नसल्याची किंमत एकाच घरात दोन मुलं मोजतात.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं तर काय सांगू. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून, आणि आपल्याच जत तालुक्यातूनही, जोडपी येतात. पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात. तान्हं बाळ पाचटावर गोधडी टाकून निजवलेलं, जवळून ट्रॅक्टर जातायत. 1948 च्या कारखाने अधिनियमापासून कायद्यात कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आहे. पण तोडणारी बाई मुकादमाच्या उचलीवर आलेली, कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नाव नाही. कृष्णाकाठची साखर ज्यांच्या हातांनी निघते त्यांची बाळं पाच-सहा महिने कुणाच्याच यादीत नसतात. स्थलांतरित मुलाला जवळच्या अंगणवाडीत आहार मिळालाच पाहिजे, हे खरं. तळावरून त्याला तिथे आणायचं कुणी?

केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढण्याची. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं दिवसभर सांभाळायची. ऊसपट्ट्याइतकी या योजनेची गरज कुणाला असेल? माझी मागणी अशी की वाळवा, पलूस, कराड, मिरज या तालुक्यांत जिथे जिथे टोळ्या उतरतात, तिथल्या अंगणवाड्यांना निदान हंगामापुरतं पाळणाघर मंजूर व्हावं आणि कारखान्यांनी खर्चात वाटा उचलावा.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. 2020 च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, 2022 मध्ये त्याचा आराखडाही आला. पण शिक्षण हक्क कायदा अजून सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. त्याच्या आतल्या मुलांसाठी सरकार व्यवस्था "करू शकेल", एवढंच कलम 11 म्हणतं. हक्क नसला की तरतूद होत नाही. सेविकेच्या मानधनातला केंद्राचा हिस्सा ऑक्टोबर 2018 मध्ये 3000 वरून 4500 रुपये झाला. राज्य त्यात भर घालतं, तरी डिसेंबर 2023 मध्ये या बायकांना महाराष्ट्रभर संपावर जावं लागलं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तो निकाल एप्रिल 2022 चा. म्हणून मी दुसरी ताई मागते तेव्हा आणखी एका बाईला तुटपुंज्या पैशात राबवा असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिला प्रशिक्षण हवं, नीट मोबदला हवा, आणि तिच्याकडून वर्ग सोडून दुसरं कुठलंही काम घ्यायचं नाही असं लेखी हवं.

राज्य आणि केंद्र करतील तेव्हा करतील. तोवर गावाच्या हातात एक गोष्ट आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला आणि बालकांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो शिलाई मशीन, खुर्च्या, एखादा मेळावा यात संपतो. मोठ्या ग्रामपंचायतीला त्यातून बारावी झालेल्या, मुलांची आवड असलेल्या गावातल्याच एखाद्या मुलीला किंवा सुनेला सकाळच्या वेळेसाठी मानधन देणं अवघड नाही. लहान गावांनी दोघा-तिघांत मिळून विचार करावा. येत्या ग्रामसभेत मी आमच्या गावापुरता हा ठराव मांडणार आहे. मागच्या तीन वर्षांत हा निधी कशावर खर्च झाला, त्याची माहितीही मागणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात मागा.

आणि तीन वर्षांच्या पोराला कुठं घालू म्हणून विचारणाऱ्या माझ्या लेकरांनो, फलक बघून ठरवू नका. आत जाऊन अर्धा तास बसा. मुलं किती बोलतायत आणि बाई किती ऐकून घेतायत तेवढं बघा. अंगणवाडीत ते दिसलं तर तिथेच घाला, आणि रोज पाठवा. नाही दिसलं तर चार आया मिळून सरपंचांकडे जा.

ज्यांच्या गावात ग्रामपंचायतीने किंवा कारखान्याने असं काही सुरू केलंय, त्यांनी खाली जरूर लिहा. मानधन किती देता, कोणत्या निधीतून, वेळ काय, आणि बाळांची जबाबदारी लेखी कुणाकडे आहे. ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय, त्यात हे सगळं घालायचंय.