पाच लाखांचं कार्ड आणि बीपीची गोळी

"फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार फुकट! दीडचे पाच केले. पांढऱ्या रेशनकार्डालासुद्धा!" विन्या फोन नाचवत ओरडला. विन्या बोलायला लागला की समोरच्या रसवंतीतली गिऱ्हाइकं वळून बघतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा शासन निर्णय त्याने तीन ग्रुपवर टाकलाय, वाचलेला एकही नाही.

सुभ्या आरोग्य केंद्रात औषधं वाटतो. तो म्हणाला, "अँजिओप्लास्टी फुकट, मान्य. पण ती वेळ का येते? बीपीची गोळी संपलीय माझ्याकडे. म्हातारी येते, मी बाहेरची चिठ्ठी देतो, ती चिठ्ठी कमरेला खोचते आणि घरी जाते. गोळी बंद. मग एक दिवस छातीत कळ, आणि तुझं कार्ड बाहेर. रुपयाची गोळी चुकवायची आणि लाखाचं बिल भरायचं!"

"माझ्या भावाचं डायलिसिस योजनेतूनच चालतं हं," नाना म्हणाले.

"चालायलाच हवं, नाना. पण त्याची किडनी बीपीनेच गेली ना?"

नाना गप्प झाले. मला सुभ्याचंच पटतं. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात स्पष्ट लिहिलंय, दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त पैसा प्राथमिक सेवेवर जावा. मोठ्या ऑपरेशनचा फोटो निघतो, गोळीचा निघत नाही, म्हणून गोळी मागे पडते. याची चीड येते.

"पैसाच कमी आहे रे," विन्या.

सुभ्या म्हणाला, "आहे तोही पोचत नाही. औषधांची खरेदी आधी सरकारच्या हाफकिन महामंडळाकडे, मग 2023ला वेगळं प्राधिकरण. त्याच वर्षी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एकदम कितीतरी रुग्ण दगावले, औषधं नव्हती अशी ओरड झाली. तमिळनाडूत 1995 पासून औषधखरेदीला एकच महामंडळ आहे. दवाखान्याला पासबुक देतात. जिल्ह्याच्या गोदामातून लागेल ते उचलायचं, रक्कम पासबुकातून वजा. नको ती औषधं माथी मारत नाहीत."

"मग जा तमिळनाडूला! इडली खा!"

"तू गणपती मंडळाचा खजिनदार होतास त्या वर्षी काय केलंस? सगळी वर्गणी डीजेला, आणि ताडपत्रीला पैसे नाहीत. गणपती भिजला!"

"ताडपत्री नानांनी आणायची होती!"

"मी?" नाना उठूनच उभे राहिले. "अरे, माझी ताडपत्री तुझ्या बहिणीच्या लग्नाला नेलीस, ती अजून परत नाही!"

रसवंतीवालासुद्धा हसायला लागला. विन्या म्हणे, ताडपत्री सुभ्याच्याच गच्चीवर आहे.