डिसोझांचं चिन्ह

वहिनीच्या खानावळीचा फ्लेक्स आणायला म्हापशाला गेलो आणि डोकं उठलं. मी कागदावर ठसठशीत लिहून दिलं होतं: सावंत'स किचन. छापून आलं सावंतस किचन. तिथली अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर लटकणारा तो स्वल्पविराम, मात्र छापणाऱ्या पोराने खालच्या यादीत सढळ हाताने वाटली होती. फिश थाळी'ज, ऑमलेट'स, पार्सल'स.

"अरे, थाळ्या पुष्कळ आहेत एवढंच सांगायचंय. थाळीच्या मालकीचं काही नाही तिथं!"

सत्यनारायणाच्या पत्रिका छापायला आलेले एक काका पुढे सरसावले.

"बाब, तें चिन्न आमचें न्हय. डिसोझांचें."

"म्हणजे?"

"डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा. डीच्या खांद्यावर बसलेलं असतं बघा. सावंतांना कशाला हवं?"

मी म्हटलं, काका, पोर्तुगाल देशात सोझांच्या आधी 'द' सुटा लिहितात, हे चिन्ह नसतं. काकांनी क्षणभर विचार केला.

"मग 1961 साली घाईत विसरून गेले असतील."

पोरगा खिदळला. इंग्रजीच्या षष्ठीच्या प्रत्ययातला 'ई' गळाला, त्याच्या जागी हे चिन्ह आलं, हे यांना कुठून सांगू? आणि डिसोझांना तरी त्याचं काय सुख? आमच्या शेजारच्या डिसोझाबाई ऑनलाइन फॉर्म भरायला बसल्या की 'विशेष चिन्हं चालणार नाहीत' म्हणून लाल अक्षरं येतात. बिचारीचं आधार एका नावाचं, बँक दुसऱ्या. इंग्लंडमध्येही तेच रडगाणं: 2024 साली नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलने संगणकाचं कारण सांगून रस्त्यांच्या नव्या पाट्यांवरून अपॉस्ट्रॉफी काढायचं ठरवलं. जॉन रिचर्ड्स नावाच्या गृहस्थाने 2001 साली तिच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. 2019 साली, वयाच्या 96व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले म्हणत त्याने ती बंद केली. त्याला निदान 18 वर्षं मिळाली. मला म्हापशात दहा मिनिटंही मिळेनात.

"टिकली लावा की वर," काकांनी तोडगा काढला. "काळी. घरी बायकांकडे असते."

"आणि खालच्या तीन?"

"त्या राहूंदे. जेवणार कोण, थाळी का टिंब?"

पोराला म्हटलं, फुकट बदलून दे. तो म्हणाला, चौरस फुटाच्या दराने पुन्हा पैसे पडतील. चूक त्याची, खिसा माझा! वर सल्ला:

"बाब, पुढच्या वेळी बोर्ड मराठीत करा. त्यातल्या चुका कोण बघत नाही."

काकांनी जोरजोरात मान डोलावली आणि आपल्या पत्रिकेचं प्रूफ न वाचताच सही करून दिलं.