उभ्या रेषांचा न्यायनिवाडा

रंगीत प्रिंटरचे रंग जागेवरून सरकले की सर्वप्रथम माणसांचे ओठ सरकतात. छायाचित्रातील व्यक्ती प्रसन्न हसत असते, पण तिचे हसू चेहऱ्याच्या किंचित पुढे निघून गेलेले असते. जांभळ्या शीर्षकाचीही फाळणी होते आणि त्याच्या एका कडेने गुलाबी, तर दुसऱ्या कडेने निळी किनार डोकावू लागते. मग ‘प्रिंटहेड अलाइनमेंट’ नावाच्या विधीला बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मूळ अडचण समजून घेतली तर यंत्राबद्दल थोडी सहानुभूती वाटते. शाई उडवणारे प्रिंटहेड कागदावरून धावत असते आणि धावता धावताच थेंब सोडत असते. चालत्या वाहनातून टाकलेली वस्तू जशी सरळ खाली न पडता पुढे जाऊन पडते, तसाच हा थेंबही पुढे पडतो, आणि परतीच्या फेरीत तो उलट दिशेला पडतो. शिवाय निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांची छिद्रे वेगवेगळ्या रांगांत असल्यामुळे प्रत्येकाने आपला थेंब नेमका केव्हा सोडायचा, याचे वेळापत्रक ठरवावे लागते. एका इंचात 600 ठिपके छापायचे म्हटले, तर दोन ठिपक्यांमधले अंतर जेमतेम 0.04 मिलिमीटर भरते. मराठी माणसाला वेळापत्रकाचा मान राखणे किती जड जाते हे मला ठाऊक असल्यामुळे मी शाईला फारसा दोष देत नाही.

दोष द्यायचा तो पुढच्या टप्प्याला. प्रिंटर एक कागद छापून देतो. त्यावर चौकोनांचे स्तंभ असतात, प्रत्येक चौकोनाशेजारी क्रमांक असतो, आणि सूचना असते की ज्या चौकोनातील उभ्या रेषा सर्वांत कमी दिसतात, त्याचा क्रमांक कळवावा. म्हणजे केसापेक्षाही बारीक अंतरावर थेंब टाकण्याची शेखी मिरवणारे हे यंत्र अंतिम निकालासाठी माझ्या चष्म्यावर विसंबून आहे! स्तंभाच्या दोन्ही टोकांचे चौकोन उघडउघड अपराधी असतात. त्यांना शिक्षा सुनावणे सोपे जाते. खरा पेच मधल्या दोघांत पडतो, कारण कागद डोळ्यांजवळ नेला की एक निर्दोष ठरतो आणि हातभर लांब धरला की दुसरा. घरातील मंडळींचे मत मागावे, तर ‘सगळे सारखेच तर आहेत’ असा निकाल स्वयंपाकघरातून, कागद न पाहताच मिळतो. तो बराचसा खरा असतो, हेच दुःख आहे.

पिवळ्याची कथा निराळी. छिद्रे तुंबली आहेत का, हे तपासण्याच्या नमुन्यात त्याच्याही रेषा असतात, पण पांढऱ्या कागदावरच्या फिकट पिवळ्या रेषेत खंड पडला आहे की ती रेषाच नाही, हे सांगायला गरुडाची दृष्टी हवी. यावर उपाय मात्र आहे: पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर निखळ निळा रंग भरून तो अंधारात कागदावर धरला की त्या रेषा गडद दिसू लागतात. दिवे मालवून निळ्या उजेडात कोऱ्या भासणाऱ्या कागदाकडे टक लावून बसलेल्या गृहस्थाविषयी शेजाऱ्यांचे काय मत होते, याचा विचार त्या क्षणी न केलेला बरा.

छिद्र तुंबलेले निघाले की सफाईचा हुकूम द्यावा लागतो, आणि ही सफाई शाईनेच होते. एकही अक्षर न छापता चांगली शाई यंत्राच्या पोटातील शोषक गादीत जाऊन बसते. महागडी शाई स्वतःच पिऊन वर ‘शाई संपत आली आहे’ असे कळवण्याचा निगरगट्टपणा फक्त प्रिंटरजवळच असू शकतो.

अखेर सर्व स्तंभांचे क्रमांक भरून झाले, यंत्राने पुन्हा एकदा नमुना छापला आणि ओठ चेहऱ्यावर परतले. मग मी छायाचित्रासाठी राखून ठेवलेला जाड, चकचकीत कागद घातला. कागद जाड झाला की त्याचा पृष्ठभाग प्रिंटहेडच्या अधिक जवळ येतो, थेंबाचा प्रवास लहान होतो आणि त्याची पडण्याची जागा बदलते. म्हणून या कागदासाठी अलाइनमेंट नव्याने करणे इष्ट ठरेल, असे माहितीपुस्तिकेत अगदी बारीक अक्षरांत छापलेले होते.