‘वास्तववादी’ यांना उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

वास्तववादी साहेब, नमस्कार. प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, लगेच लिहायला बसणार होतो पण बायको म्हणाली सकाळी लिही, डोकं शांत झाल्यावर. तेवढं काही झालेलं नाही. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीत तयार झालेली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम) सुरुवातीच्या दिवसांत लोकांनी कशी सुधारली आणि एकमेकांना दिली, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही "रिटायर्ड माणसाचं भाबडं स्वप्नरंजन" म्हणालात. रिटायर्ड आहे, खरंय. पण त्याचा इथे काय संबंध? मुद्दा खोडा ना, वयावर कशाला जाता, आणि तेही टोपणनावाआडून.

एक मान्य करतो. कंपनीने युनिक्स "फुकट वाटलं" हे मी जरा सैल लिहिलं, विद्यापीठांनाही लायसन घ्यावं लागायचं, थोडे पैसे पडायचे. झालं समाधान?

आता तुमचं ते वाक्य: "एटी अँड टीला विकायला कायद्यानेच बंदी होती म्हणून दिलं, यात कसलं आलंय औदार्य?" अहो, १९५६ चा निवाडा मलाही माहितीये. टेलिफोनची मक्तेदारी होती, म्हणून दुसऱ्या धंद्यात पडायचं नाही असं ठरलं, बरोबर. पण बंदी कोणावर होती? कंपनीवर. सिडनीतल्या जॉन लायन्सवर होती का? या प्राध्यापकाने १९७६-७७ च्या सुमाराला युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल (सिस्टीमचा गाभा), जेमतेम नऊ-दहा हजार ओळी, पोरांना शिकवायला छापून घेतला आणि त्यावर ओळीन् ओळ समजावणारं भाष्य लिहिलं. ते करायला त्याला कुठल्या कोर्टाने सांगितलं होतं? कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय, स्वतः विद्यार्थी, १९७८ ला युनिक्समधल्या आपल्या सुधारणांची टेप बनवून लोकांना पाठवायला लागला, त्याच्यावर कुठला निवाडा होता? कंपनी तर सपोर्टही देत नव्हती, बग आला तर तुमचं तुम्ही बघा. मग लोकांनी बघितलं, दुरुस्त केलं आणि एकमेकांना पाठवलं. तुमचा कायदा देणाऱ्याचं कारण सांगतो, घेणाऱ्यांनी पुढे जे केलं त्याचं नाही, आणि माझा लेख त्यांच्यावर होता. वाचला होतात ना पूर्ण?

पुढचं तर तुम्ही सोयीस्कर गाळलंत. १९७९ ला सातवी आवृत्ती आली, तिच्या लायसनमध्ये सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) वर्गात शिकवायला मनाई झाली. लायन्सचं पुस्तक उघडपणे छापलं जायला १९९६ उजाडलं, तोवर जगभर झेरॉक्सवर फिरलं. शिकवायला कोड नाही म्हणून अँड्र्यू टॅनेनबाउम या प्राध्यापकाने १९८७ ला युनिक्ससारखं स्वतःचं मिनिक्स लिहिलं, आणि त्या मिनिक्सवर हात बसलेल्या फिनलंडच्या एका पोराने १९९१ ला लिनक्स ही स्वतःची सिस्टीम सुरू केली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात, म्हणजे बहुधा ही प्रतिक्रिया ज्यावरून टाईप केलीत त्यात, तेच आहे. भाबडेपणाचं फळ म्हणा हवं तर.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. नव्वदच्या दशकात पुण्यात नोकरी करताना आमच्याकडे मॅन्युअल्स कपाटात कुलूपबंद असायची, चावी साहेबांकडे, आणि साहेब बहुतेक वेळा मीटिंगमध्ये. मला लायन्सची प्रत एका सीनियरने दिली, झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानं तिरकी, काहींची शेवटची ओळ गायब. एका प्रोसेसवरून (चालू प्रोग्रामवरून) दुसरीवर मशीन कसं उडी मारतं ते मी त्यावर शिकलो. तिथेच कोडमध्ये ती प्रसिद्ध कॉमेंट (लिहिणाऱ्याने टाकलेली टीप) आहे, "हे तुम्हाला समजेल अशी अपेक्षा नाही". तुमच्या प्रतिक्रियेखाली तीच टाकून मोकळा होणार होतो खरंतर. तर दिलेल्या कागदावर ज्याचं घर चाललं त्याला तुम्ही औदार्य शिकवू नका.

बाकी बिल गेट्सचं सॉफ्टवेअर चोरू नका म्हणणारं १९७६ चं पत्र, अमेरिकन संरक्षण खात्याचा पैसा, "विकणाऱ्यांनीच जग घडवलं" वगैरे जे तुम्ही एका दमात ओतलंय, त्यात आत्ता शिरत नाही, तो वेगळा विषय आहे. शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात त्यातल्या दोन टायपिंगच्या आहेत, तिसरी चूकच नाही, कोश बघा.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच दिसेल.